‘योग्य उमेदवार’ कोण ठरवतं?

मागच्या वेळी संमतीवर बोलताना एक प्रश्न आपण पुढे ढकलला होता. आज तो घेऊ.

आमची एक जुनी विद्यार्थिनी तीन वर्षांपासून सोलमध्ये नोकरी करते. तिथल्या एका क्लिनिकचा अर्ज तिने आम्हाला पाठवला आणि सोबत एकच ओळ लिहिली : ‘सर, मी योग्य उमेदवार आहे का?’ शस्त्रक्रिया कसली, तर जबड्याची आणि गालाची हाडं कापून, तासून चेहरा निमुळता करण्याची. दक्षिण कोरियात, विशेषतः सोलच्या गंगनम भागात, ही फार चालते. ‘व्ही-लाइन’ म्हणतात तिला.

आता ‘उमेदवार’ हा शब्द बघा. आपल्याकडे तो फारसीतून आला. उमेद बाळगणारा तो उमेदवार. नोकरीच्या मुलाखतीत निवड करणाऱ्याने उमेदवाराकडून पैसे घेतले तर आपण त्याला लाच म्हणतो. इथे मात्र ‘तू योग्य आहेस’ असं जो सांगतो, त्यालाच शुल्क मिळणार असतं. शिवाय तिथल्या अनेक क्लिनिकांत डॉक्टरांखेरीज एक सल्ला-व्यवस्थापकही भेटतो. दर आणि पॅकेज तो समजावतो. कोणाच्या सचोटीवर आम्हाला शंका घ्यायची नाही. पण ही रचनाच अशी आहे, की नकार देणाऱ्याचं नुकसान होतं.

तरी निकष आहेत, आणि त्यातले बरेचसे चांगले आहेत. हाडांची वाढ पूर्ण झालेली हवी, म्हणून कोवळ्या वयात नको. भूल सोसेल अशी तब्येत हवी. सिगारेट ओढणाऱ्याची जखम भरायला वेळ लागतो. कधी जबडा रुंद दिसतो तो हाडामुळे नव्हे, तर चावण्याच्या स्नायूमुळे. मग हाड कापून उपयोग काय? हे स्कॅनमध्ये दिसतं. खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना नेणारी नस जबड्याच्या हाडातूनच जाते, ती दुखावली तर बधिरपणा येतो, काहींना कायमचा. वरची त्वचा हाडाच्या मापाने आक्रसेलच असं नाही, ती लोंबू शकते. आणि तासलेलं हाड परत वाढत नाही.

हे सगळं मोजता येतं, निदान तपासता तरी येतं. अडचण शेवटच्या निकषाशी आहे : ‘अपेक्षा वास्तववादी असाव्यात.’ अर्जात चक्क प्रश्न होता, तुमच्या अपेक्षा वास्तववादी आहेत का, हो की नाही. आम्ही हसलो. ज्याच्या अपेक्षा अवास्तव आहेत तो माणूस ‘नाही’वर खूण कशी करेल?

मानसोपचारवाले इथे एक मदत करतात. नसलेलं किंवा नगण्य व्यंग माणसाला सतत छळतं, तो आरशापासून हलत नाही, अशा विकाराला इटालियन डॉक्टर एनरिको मोर्सेली याने 1891 साली नाव दिलं. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013च्या वर्गीकरणात तो मंत्रचळासारख्या विकारांच्या शेजारी ठेवला. अशा माणसाचं शस्त्रक्रियेने सहसा समाधान होत नाही, म्हणून त्याला आधी ओळखावं, हे बरोबरच. पण या चाळणीतून फक्त चुकीचं पाहणारा माणूस बाजूला निघतो. बरोबर पाहणाऱ्याचं काय?

कोरियात नोकरीच्या अर्जावर फोटो लावायची प्रथा वर्षानुवर्षं होती. तिथली मुलगी म्हणाली, की चेहरा निमुळता झाला तर मला मुलाखतीला बोलावतील, तर ती अपेक्षा भाबडी म्हणता येईल का? ती कदाचित अगदी वास्तववादी असेल. निकष पूर्ण झाला, उमेदवार योग्य ठरली; आणि आपल्याला मात्र काहीतरी भयंकर चुकल्यासारखं वाटतं. कारण इथे ‘वास्तव’ म्हणजे दुसऱ्यांची नजर, आणि ती नजर बरोबर आहे का हे अर्ज विचारतच नाही. 2017 साली तिथल्या सरकारने सार्वजनिक क्षेत्रातल्या भरतीत अर्जावरचा फोटो काढून टाकायला लावला. म्हणजे कापाकापी कागदाची करता येते, हाडाची नव्हे, हे त्यांनाही सुचलं. खाजगी कंपन्यांचं काय, हा प्रश्न राहतोच.

2016 मध्ये सोलमध्येच जबड्याच्या अशा शस्त्रक्रियेत एका तरुणाला प्रचंड रक्तस्राव झाला, पुढे तो गेला. त्याच्या आईने शस्त्रक्रियागृहातलं चित्रण मिळवून अनेक वर्षं लढा दिला. 2021 साली कायदा झाला आणि सप्टेंबर 2023 पासून भूल देऊन बेशुद्ध केलेल्या रुग्णाच्या शस्त्रक्रियेसाठी तिथे कॅमेरा सक्तीचा आहे. फार मोठं काम केलं त्या माउलीने. पण ‘तू योग्य आहेस’ हे त्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या खोलीत ठरलेलं असतं.

विद्यार्थिनीला आम्ही एवढंच कळवलं, की शस्त्रक्रियेतून ज्याला एक वॉनही मिळणार नाही अशा डॉक्टरकडून स्कॅन वाचून घे. आणि हा चेहरा तुला पुण्यात असताना कधी खुपला होता का, ते आम्हाला लिही. पहिलं तिने केलं. हाडच रुंद आहे, प्रकृती उत्तम आहे. दुसऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही. तारीख पुढच्या महिन्याची आहे.