खरी नावे, खोटा चेंडू

व्हिडिओ गेमचे परीक्षण साहित्याच्या पानांत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आमचे उत्तर थोडक्यात असे, की ज्या कृतीपुढे आपली मुले, आणि मुलेच कशाला, कर्तेसवरते पुरुषही, तासन् तास बसतात, ती कृती रचनेच्या दृष्टीने कशी उतरली आहे हे पाहणे टीकेच्या कक्षेबाहेरचे नाही. जपानच्या कोनामी कंपनीने ३० सप्टेंबर २०२१ रोजी खुला केलेला ‘ईफुटबॉल २०२२’ हा खेळ आम्ही येथे विचारार्थ घेतला आहे. त्यातील दोषांची जगभर टिंगल झाली. परंतु त्या टिंगलीत मुख्य मुद्दा हरवला, असे आम्हांस वाटते.

तो मुद्दा कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. कोनामीची ही फुटबॉलमालिका १९९५ पासूनची. जपानात ती ‘विनिंग इलेव्हन’ आणि पुढे इतरत्र ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर’ या नावाने ओळखली गेली. शिंगो ताकात्सुका हे तिचे प्रमुख निर्माते. तिची प्रतिस्पर्धी ‘फिफा’ ही मालिका १९९३ ची. क्लब आणि खेळाडू यांची खरी नावे वापरण्याचे बहुतेक हक्क तिच्याकडे होते. कोनामीच्या वाट्याला उरली ती बनावट नावे. लिव्हरपूलचा संघ येथे ‘मर्सीसाइड रेड’ म्हणून उतरे. ब्राझीलचा रॉबर्टो कार्लोस एका काळी ‘रॉबर्टो लार्कोस’ झाला होता! ‘मास्टर लीग’ या विभागात तर कास्टोलो, मिनांडा, इवारोव्ह अशा जगात कोठेही नसलेल्या खेळाडूंना घेऊन संघ उभारावा लागे. आणि तरीही खेळणाऱ्यांनी त्या कास्टोलोवर माया केली. याचे कारण, चेंडू खरा होता. तो खेळाडूच्या पायाला डिंकाने चिकटवल्यासारखा फिरत नसे. पास चुकीच्या अंगाने घेतला तर तो निसटे. दमलेला बचावपटू अखेरच्या मिनिटांत मागे पडे. नावे लटकी आणि खेळ अस्सल, असा तो व्यवहार होता.

२०२० साली कंपनीने नवा खेळ न देता आदल्या वर्षीच्याच खेळाची सुधारित आवृत्ती कमी किमतीत दिली, आणि पुढचा खेळ ‘अनरिअल’ या नव्या यंत्रणेवर मुळापासून घडवीत असल्याचे सांगितले. चाहत्यांनी वाट पाहिली. जुलै २०२१ मध्ये मालिकेचे जुने नावच गेले आणि खेळ विनामूल्य मिळेल असे जाहीर झाले. प्रत्यक्षात हाती आले ते अवघे नऊ क्लब. बार्सिलोना, बायर्न म्युनिक, युव्हेंटस, मँचेस्टर युनायटेड ही नावे त्यांत होती, आणि ती सर्व खरी. (युव्हेंटसचे हक्क कोनामीने घेतल्यामुळे ‘फिफा’लाच त्या संघास ‘पिएमोंते कॅल्चो’ म्हणण्याची पाळी आली होती, हा काळाचा महिमा.) मास्टर लीग मात्र त्यात नव्हती. आणि चेंडू? नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

मेस्सी आणि रोनाल्डो यांचे वेडेवाकडे चेहरे, ओबडधोबड प्रेक्षक, एकमेकांच्या अंगातून आरपार जाणारे खेळाडू यांची चित्रे एका दिवसात सर्वत्र पसरली. स्टीम या संगणकीय दुकानात ग्राहकांनी नोंदविलेल्या मतांपैकी दहांतील नऊ प्रतिकूल होती; त्या वेळी तेथील सर्वांत वाईट मते मिळालेला खेळ म्हणून त्याची गणना झाली. लोक हसले, आणि हसण्यासारखे होतेही. परंतु चेहऱ्याचा दोष आम्ही फारसा मनावर घेत नाही. कादंबरीत मुद्रणदोष असला तर वाचक तो मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. पासचा वेग आणि बचावाची रीत यांतील दोष तसा नाही. खेळणाऱ्याने बोट दाबले, बचावपटू भलत्याच दिशेने धावला, चेंडू समोरून निघून गेला आणि गोल झाला. पुढच्या वेळी त्याने काय वेगळे करावे? ज्याने चर्चच्या मैदानावर अनवाणी फुटबॉल खेळला आहे, त्याला चुकलेली उसळी नवी नाही. पण तेथे खडा दिसतो, खळगा दिसतो, आणि दुसऱ्या डावात तो खळगा टाळता येतो. येथे पराभवाला कारणच सापडत नाही. खेळात हरण्याचे दुःख सोसवते, कारण त्यात आपला काही दोष असतो आणि तो सुधारता येतो. यंत्राच्या चुकीने हरणाऱ्याकडून हा आधारच काढून घेतला जातो. मुले चिडतात ती म्हणून. त्यांना ‘साधा खेळ तर आहे’ असे सांगून गप्प करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

खेळ फुकट होता, मग तक्रार कसली, असा बचाव करण्यात आला. धर्माची गाय आणि दात का गं नाहीत, असा त्याचा सूर. आम्हांस तो मान्य नाही. एक तर गाय सर्वस्वी धर्माची नव्हती. पुढच्या आवृत्तीसाठी पैसे मोजून आगाऊ घ्यावयाचा संच विक्रीस होताच. दुसरे असे, की पंचवीस वर्षे या मालिकेशी निष्ठा राखणाऱ्यांनी जे दिले होते, त्याचा हिशेब पैशांत होत नाही.

कंपनीने दुसऱ्याच दिवशी क्षमा मागितली, हे तिच्या बाजूने नोंदविले पाहिजे. पासचा वेग, बचाव, चेहऱ्यांवरील भाव, चेंडूची वागणूक, सर्व तक्रारींचा तिने उल्लेख केला. पण ११ नोव्हेंबरला यावयाची आवृत्ती पुढच्या वसंतावर गेली आणि आगाऊ घेतलेले पैसे परत करण्यात आले. अपुरे काम आधी हवाली करावे आणि ठिगळे मागाहून पाठवावीत, ही रीत इंटरनेटमुळे सोपी झाली आहे. तिच्या उलट उदाहरणही आहे. २०१० साली ईए या कंपनीने ‘एनबीए इलीट ११’ या बास्केटबॉलच्या खेळाचा नमुना आधी लोकांपुढे ठेवला. त्यात एक खेळाडू मैदानाच्या मध्यावर हात पसरून निश्चल उभा राहिलेला लोकांनी पाहिला. ऑक्टोबरच्या आरंभी ठरलेले प्रकाशन कंपनीने ऐनवेळी पुढे ढकलले आणि नोव्हेंबरमध्ये खेळच रद्द केला. तिचे नुकसान झाले असणार. तरी ग्राहकाच्या दारात अर्धकच्ची भाकरी ठेवण्यापेक्षा चूल विझवणे आम्हांस अधिक सभ्यपणाचे वाटते.

१४ एप्रिल २०२२ रोजी ‘ईफुटबॉल’ची पहिली पूर्ण म्हणविणारी आवृत्ती आली. बचावपटूंच्या हाती बरेच काही परत आले, चेंडू पुष्कळसा ताळ्यावर आला. परंतु तोवर जुने चाहते आपापल्या वाटेला लागले होते. त्यांतील काही अजूनही २०२१ सालचा, कोणी त्याहूनही जुना ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर’ संगणकावर ठेवून आहेत. दर हंगामात संघ, गणवेश आणि खेळाडूंची नावे स्वतःच्या हाताने बदलून घेतात, आणि खेळतात.