पोवाड्यांतील पाठ्य आणि गेय

पोवाड्यांचे पाठ तपासतांना आपल्याकडे एक अन्याय सतत होत आला आहे. पोवाडा हा कागदावर वाचावयाचा ग्रंथ आहे असें धरून त्याची परीक्षा केली जाते. मात्रा कमी भरल्या तर पाठ भ्रष्ट, अधिक भरल्या तर लेखकाचा हस्तदोष, असा निकाल ठरलेला. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य शाळेंत रघुवंश शिकविण्यांत गेल्यामुळें तोही या दोषापासून मुक्त नव्हता, हें आरंभींच कबूल करणें बरें.

आमचें चिखला हें तुमसर तालुक्यांतील मँगनीजच्या खाणीचें गांव. दिवाळीनंतर या भागांत गांवोगांव मंडई भरते आणि रात्रभर दंडार किंवा खडीगंमत चालते. अशाच एका मंडईंत एका वृद्ध शाहिराची चोपडी पुढ्यांत ठेवून मीं त्याचें गाणें ऐकलें. जी ओळ चोपडींत चार मात्रांनीं तोकडी दिसत होती, तेथें तो मुळीं गातच नव्हता! ढोलकी थांबवून साध्या बोलीनें तो ती म्हणे, आणि उरलेली जागा साथीदारांच्या 'जी जी'नें भरून निघे. मीं काढलेल्या दुरुस्तीच्या खुणा घरीं येऊन मला पुसाव्या लागल्या.

नाट्यशास्त्रांत पाठ्य ऋग्वेदापासून व गीत सामवेदापासून घेतल्याचें सांगितलें आहे. म्हणजे म्हणावयाचें आणि गावयाचें हीं दोन अंगें तेथें प्रथमपासूनच वेगळीं आहेत. पाठ्यालाही सप्तस्वर आहेत, उर, कंठ व शिर हीं स्थानें आहेत, साकांक्ष व निराकांक्ष अशी द्विविध काकु आहे. आमच्या शाहिरानें भरताचें नांवही ऐकलें नसेल. परंतु प्रश्नाची ओळ उंच स्वरांत अधांतरीं ठेवून वाद्य थांबविणें, ही साकांक्ष काकु नव्हे तर काय?

या दृष्टीनें अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा पुन्हा पाहावा. अ‍ॅक्वर्थ व शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं पोवाड्यांचा संग्रह छापला, हे त्यांचे उपकार मोठेच. परंतु छापील पानावर त्या पोवाड्याच्या ओळींची असमान लांबी पाहून वृत्तप्रेमी वाचक नाक मुरडतो. ही असमानता म्हणजे कवीचें अज्ञान नव्हे. ती म्हणण्याची सोय आहे, असें मला वाटतें. अ‍ॅक्वर्थनें १८९४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी पद्यभाषांतरांत कथा राहिली, पण बोलणें गेलें. घोडा एकाच चालीनें चालविल्यासारखें तें झालें आहे.

अमृतरायाच्या (१६९८–१७५३) कटावाची गोष्ट निराळी. तेथें अनुप्रासच मृदंगाचे बोल होतात. मनांतल्या मनांत वाचला तर कटाव कंटाळवाणा वाटतो. चांगल्या कीर्तनकाराच्या मुखीं तोच धो धो वाहतो. उलट होनाजीची लावणी बाळा करंजकराच्या गळ्यांतून रंगे, अशी ख्याति आहे. तेथें गेयाचें पारडें जड. एकेका अक्षरावर तान पडूं लागली कीं अर्थ मागें राहणारच. शहरांतून अलीकडे कवितावाचनामागें सतार किंवा बांसरी वाजवीत ठेवण्याची रीत पडली आहे. ती मला फारशी रुचत नाहीं. वाद्य कधीं थांबतच नाहीं, मग काकूला जागा कोठें राहणार?

बाडांच्या नकला करणाऱ्या मित्रांस एवढीच विनंती कीं, 'जी', पालुपदाच्या खुणा, मधल्या मोकळ्या जागा व समासांतील शेरे जसेच्या तसे उतरावे. फालतू म्हणून गाळूं नयेत. मजजवळच्या एका बाडांत ओळींच्या मध्येंच उभ्या रेघा आहेत. त्यांस मीं आजवर विरामचिन्हें समजत आलों. त्या ढोलकी थांबविण्याच्या जागा आहेत काय, हें येत्या मंडईंत त्याच शाहिरासमोर बाड ठेवून ताडून पाहणार आहें.