‘श्यामची आई’ : निवेदकाचा दृष्टिकोण आणि संघर्षाचे अध्यापन

साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ शाळेत बहुधा संस्कार वेचण्यासाठी वाचले जाते. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक अशा वाचनाला साहाय्य करते, हे खरे. त्यास कादंबरी म्हणावे की कथामाला, हा वाद येथे गौण होय. महत्त्वाची आहे ती निवेदनाची रचना. आश्रमात रात्रीमागून रात्र बोलतो तो प्रौढ श्याम. घटना घडतात त्या बालश्यामच्या आयुष्यात. आणि आईचे म्हणणे वाचकाला कळते ते केवळ मुलाच्या स्मरणातून. पोहण्याला भिऊन लपलेल्या मुलाला आई मारते, तेथे मुलाची भीती व आईचा निश्चय समोरासमोर उभे राहतात खरे. परंतु प्रौढ निवेदकाने निकाल आईच्या बाजूने केव्हाच देऊन टाकलेला असतो. हे ‘केव्हाच’ विद्यार्थ्याला दिसले पाहिजे.

मोळीचा प्रसंग याहून अधिक गुंतागुंतीचा आहे. तत्कालीन समाजाने अस्पृश्य मानलेल्या वृद्धेला मोळी उचलवत नाही. श्यामने ती तिच्या डोक्यावर द्यावी, असे आई सांगते. लोक काय म्हणतील, या शंकेवरही तिच्यापाशी उत्तर आहे : श्याम घरी येऊन स्नान करील. करुणा रूढी ओलांडते आणि त्याच बोलण्यात रूढीला मान्यताही देते. वर्गात पूर्वार्धाची स्तुती होते, उत्तरार्ध सहसा गाळला जातो. वृद्धेची बाजू तर पुस्तकातच नाही.

तोच प्रसंग तिच्या मुखाने सांगावयास लावणे हा उत्तम अभ्यास ठरेल. मात्र जे विद्यार्थी अशा घरांतून येतात, त्यांच्यावर हे काम प्रथम लादू नये. ज्यांना ती बाजू परकी आहे, त्यांनीच आधी करावे. व्याकरण लगेच कसोटीला लागते. ‘म्हातारी’च्या जागी ‘मी’ येते. पण श्यामला ती काय म्हणेल? लहान पोराला ‘तू’, की वरच्या जातीच्या घरातील म्हणून ‘तुम्ही’? वणी परिसरात वऱ्हाडी घरोघर बोलली जाते, काही घरांत कोलामी आणि गोंडीही. तेथील विद्यार्थ्याने कोकणातल्या या वृद्धेच्या तोंडी ‘मला’ऐवजी ‘मले’ घातले, तर शिक्षकाने तांबडी शाई आवरावी. खरी अडचण वेगळीच आहे. स्नानाचे बोलणे झाले मायलेकांत. ते वृद्धेच्या कानी पडले होते की नाही, हे लिहिणाऱ्याला पहिल्या वाक्यापूर्वीच ठरवावे लागते.