'हरकती व सूचना' : मुळशीच्या निमित्ताने एक शब्दचिकित्सा

नियोजनात रहिवाशांस सहभागी करून घेण्याच्या साधनांची चर्चा आपल्याकडे बहुधा प्रशासनाच्या अंगाने होते. ही साधने मूलतः भाषिक आहेत, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ अन्वये विकास योजनेचे प्रारूप प्रसिद्ध झाले की 'हरकती व सूचना' मागविल्या जातात. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २०२१ साली आपले प्रारूप प्रसिद्ध केले, तेव्हा मुळशीकरांच्या वाट्याला हेच दोन शब्द आले.

'हरकत' हा शब्द मूळचा अरबी. तेथे त्याचा अर्थ हालचाल. मराठीत मात्र तो अडथळा झाला. 'हरकत नाही' ही आपल्याकडे संमती होय, आणि जो बोलत नाही त्याची हरकत नाही असे कार्यालयाने धरावे, हे ओघानेच आले. 'सूचना' तर अधिक चमत्कारिक. प्राधिकरण भिंतीवर डकवते तीही सूचना आणि रहिवासी अर्जात लिहितो तीही सूचना. पण पहिली पाळावयाची असते, दुसरी केवळ विचारात घ्यावयाची. शब्द एकच असल्यामुळे हा भेद झाकला जातो.

तथापि खरी अडचण शब्दांपेक्षा अर्जाच्या घडणीत आहे. हरकत गट क्रमांकावर घ्यावी लागते. मुळशीतला भातशेतकरी जमीन क्रमांकाने ओळखत नाही असे नव्हे. परंतु त्याची शेती एका क्रमांकात मावत नाही. खाली खाचर, वर वरकस. वरच्या डोंगरातील टहाळ व पालापाचोळा आणून राब भाजावा, त्या जागी रोप तयार करावे आणि ते खाचरात लावावे, अशी ही साखळी आहे. डोंगराचा उपयोग बदलला तर खाचर कागदोपत्री अबाधित राहूनही पंगू होते. नकाशावर हिरवा रंग तसाच राहतो. दोन जमिनींमधील हा संबंध सांगण्यास अर्जात रकाना नाही.

याच खोऱ्यात १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात संपादनाच्या मुळावरच हरकत घेण्याचा हक्क देणारे कलम ५अ आले ते १९२३ च्या दुरुस्तीने. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालील मावळ्यांची 'जान किंवा जमीन' ही घोषणा त्याआधीची. तीतील दोन्ही नामे फारसी आहेत, पण ती समजण्यास कोणा मावळ्याला कारकुनाची गरज पडली नाही. 'प्रारूप', 'आरक्षण', 'ना-विकास विभाग' यांविषयी असे म्हणवत नाही.

पाणलोटाच्या कामांत रूढ झालेली शिवारफेरी हे मला यापेक्षा बरे साधन वाटते. तीत बोलणारा जमिनीवर उभा असतो आणि बोटाने दाखवितो. पण तिचेही फार कौतुक नको. फेरी सकाळी निघाली तर पाण्याला गेलेल्या बायका तीत नसतात. आणि शिवारात उच्चारलेली शेतांची नावे सायंकाळच्या अहवालात पुन्हा गट क्रमांक होऊन बसतात. निदान ती नावे नकाशावर उतरवावीत, आणि कोणत्या खाचराचा राब कोणत्या डोंगरावरून येतो तेवढी एक रेघ ओढावी.