खलनायकाची कैफियत

अलीकडच्या मराठी मालिकांत आणि सिनेमांत खलनायकाला एक सवलत हमखास मिळते. मध्यंतरानंतर केव्हातरी पडदा पिवळसर होतो, बासरी वाजू लागते आणि त्याचं बालपण समोर येतं. दारुडा बाप, सावकाराने दारातून हाकललेली आई, चारचौघांत खाल्लेला मार. वर्तमानात परतल्यावर त्याच्या खुनांकडे आपण जरा मऊपणाने बघावं, अशी लेखकाची अपेक्षा असते. ऐनवेळी कोर्टात सादर केलेल्या प्रतिज्ञापत्रासारखा हा प्रकार. दुःख खरं असेलही, पण त्याने माणूस उभा राहत नाही.

मुळात खलनायकाला पूर्वायुष्य हवंच असंही नाही. १९६२ साली रंगमंचावर आलेल्या अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मधल्या लखोबा लोखंडेला कुठलीच जुनी जखम नाही. प्रभाकर पणशीकरांनी वेगवेगळ्या सोंगांत रंगवलेला हा भामटा साक्षीदारांसमोर थंडपणे ओळख नाकारतो आणि प्रेक्षागृहातली सज्जन माणसं त्या निर्ढावलेपणाला दाद देतात. ‘सामना’ सिनेमातल्या हिंदुरावाची गुंतागुंतही दुःखातून आलेली नाही, कर्तबगारीतून आली आहे. आपण या भागाचं भलं केलं, यावर त्याचा मनापासून विश्वास आहे. निळू फुल्यांनी तो विश्वास इतक्या घरगुती सहजतेने बोलून दाखवला की गायब झालेल्या मारुती कांबळेचा विषय निघाला की आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं.

पण जखमेतून घडलेला खलनायक कसा लिहावा, हे बघायचं तर ‘घाशीराम कोतवाल’कडेच जावं लागतं. १९७२ साली जब्बार पटेलांनी बसवलेलं हे नाटक गाजलं ते नाच-गाण्यामुळे, मानवी भिंतीमुळे आणि मोहन आगाशेंच्या नाना फडणवीसांमुळे. तेंडुलकरांनी घाशीरामची घडण किती हिशेबाने केली आहे, त्याबद्दल मात्र त्या मानाने कमीच बोललं जातं.

कनौजचा हा ब्राह्मण पुण्यात नशीब काढायला येतो. त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो, तो मार खातो, कोठडी भोगतो आणि शहराबाहेर हाकलला जातो. आजचा लेखक इथे करुण संगीत लावील. तेंडुलकर हा अपमान ठेक्यात घडवतात. डुलणारे, गाणारे ब्राह्मण त्याची टर उडवतात आणि आपला पायही त्या तालावर हलत असतो. म्हणजे घाशीरामला घडवणाऱ्या गर्दीत प्रेक्षकही सामील होतो, तेही त्याच्या नकळत.

यानंतर घाशीराम सूड घेतो एवढंच झालं असतं, तर ते सरळ सूडनाट्य झालं असतं. पण नानाची नजर कुठे आहे, हे ओळखून तो स्वतःची मुलगी गौरी पुढे करतो आणि बदल्यात कोतवाली मागतो. इथे आपली सहानुभूती घशातच अडकते. पुण्याने त्याला लुबाडलं, छळलं, हे सगळं मान्य. पण हा सौदा पुण्याने त्याच्याकडून करवून घेतलेला नाही. हिशेब त्याचा, किंमत पोरीची. पुढे कोतवाल झालेला घाशीराम चोरीच्या आरोपातल्या एका ब्राह्मणाच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवायला लावतो. ज्या आळाने त्याचं आयुष्य नासलं, तोच आळ आता त्याच्या हातातलं हत्यार आहे. आपल्यावर काय गुदरलं होतं, याचा तो चकार शब्द काढत नाही. आठवण ठेवायचं काम लेखकाने प्रेक्षकावर सोपवलं आहे.

गंमत अशी की, या नाटकावर वादळ उठलं ते नाना फडणवीसांच्या चित्रणावरून. ते करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने प्रयोग थांबवले, ते पुढे चालू ठेवायला थिएटर अकॅडमी निघाली, पण घाशीरामची बदनामी झाली म्हणून कुणी रस्त्यावर उतरलं नाही. १७९१ साली पुणेकरांनी ज्याला दगडांनी ठेचलं, त्याची बाजू घेणारं तेव्हाही कुणी नव्हतं.

जयंत पवारांनी ‘अधांतर’मध्ये वेगळी वाट काढली. १९८२च्या गिरणी संपानंतर उद्ध्वस्त झालेल्या गिरणगावातलं एक घर. एका भावाला लेखक व्हायचंय, दुसरा क्रिकेटच्या नादात आणि नरू टोळीत. एकच चाळ, एकच उपासमार, तरी पोरं तीन दिशांना गेली. परिस्थितीने माणूस गुन्हेगार होतो, हे सोपं विधान या नाटकासमोर टिकत नाही आणि परिस्थितीचा काही संबंध नाही, हेही म्हणता येत नाही.

‘मुळशी पॅटर्न’ने (२०१८) हाच धागा जमिनीच्या व्यवहारापर्यंत नेला. विकलेल्या जमिनीवरच वॉचमन म्हणून उभा राहिलेला बाप, मोहन जोशींनी जराही न ओरडता केलेला, ही अलीकडच्या मराठी सिनेमातली सर्वांत जळजळीत पूर्वकथा आहे. पण त्याचा मुलगा राहुल्या भाई झाल्यावर कॅमेराच त्याच्या प्रेमात पडतो. थिएटरातून बाहेर पडणाऱ्या पोरांच्या ओठांवर ‘अराररा’ होतं, बापाची काठी नव्हती. दिग्दर्शक प्रवीण तरडे यांचा हेतू तो नसावा, पण झालं तसं.

छोट्या पडद्याने तर पूर्वकथेचा पूर्ण हंगामच केला. ‘रात्रीस खेळ चाले’च्या पहिल्या पर्वात अण्णा नाईक सुरुवातीलाच मरतात आणि २०१९च्या दुसऱ्या पर्वात मागे जाऊन त्यांची हयात दाखवली. माधव अभ्यंकरांचा अण्णा जबरदस्त होता, यात वाद नाही. तरी इतके भाग पाहून अण्णा असे का झाले, याचं उत्तर फारसं पुढे सरकलं नाही. सरकली ती पापांची यादी आणि शेवंता या व्यक्तिरेखेची लोकप्रियता.

बायकांच्या वाट्याला तर हेही येत नाही. मालिकेतल्या कपटी जावेला एक उंचावलेली भुवई, भडक टिकली आणि तीनदा झूम होणारा कॅमेरा मिळतो. ती या घरात कोणत्या वयात आली, तिचं शिक्षण कुणी थांबवलं, माहेरचा कोणता हिस्सा कुणी गिळला, याची चौकशी हजार भाग उलटले तरी होत नाही. गावोगावच्या वाटण्यांच्या भांडणांत अशा जावा रोज दिसतात आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं भरपूर असतं. मराठीतली पुढची मोठी खल व्यक्तिरेखा तिथून यायला हरकत नाही, फक्त तिने केलेलं कपट तिच्या नावावरच ठेवणारा लेखक हवा.