‘ओझं’ विचारलं की उत्तर येतं ‘नाही’

घरातल्या आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यावर किती ताण आहे, हे मोजायला संशोधक बरेचदा झारिट प्रश्नावली वापरतात. अमेरिकेतल्या स्टीव्हन झारिट आणि सहकाऱ्यांनी ती १९८० मध्ये डिमेन्शियाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी केली. सध्याच्या प्रचलित आवृत्तीत २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण. बेरीज जास्त, तर ताण जास्त.

काही प्रश्न नेमके आहेत: स्वतःसाठी वेळ उरतो का? तब्येत ढासळली का? पण शेवटचा बघा: एकंदरीत तुम्हाला किती ओझं वाटतं? हाच प्रश्न एखाद्या सुनेला विचारा, तेही सासूबाई शेजारच्या खोलीत असताना. ‘आपल्याच माणसाचं कसलं हो ओझं?’ झाला शून्य! ती खोटं बोलत नाही. आपल्याकडे ‘ओझं’ म्हणणं म्हणजे माणूस नकोसा झाल्याची कबुली.

कमी बेरजेवरून ‘कुटुंब सावरलंय’ असं ठरवलं, की मदतीच्या यादीतून तीच सून गळते. म्हणून सोबत साधं विचारावं: सलग झोप शेवटची कधी मिळाली? माहेरी मुक्कामाला कधी गेला होतात? ही उत्तरं वाचल्याशिवाय त्या बेरजेवर विश्वास ठेवू नका.