निकोला लांक्रे यांची 'नृत्यमग्न कामार्गो' : व्यक्तिचित्रणाची एक वेगळी वाट

अठराव्या शतकातील फ्रेंच रोकोको चित्रकलेचा विचार करताना वातो, बूशे आणि फ्रागोनार यांच्या तुलनेत निकोला लांक्रे (१६९०–१७४३) काहीसे उपेक्षित राहतात. त्यांना वातो यांचे अनुकरणकर्ते मानण्याची प्रवृत्ती यास कारणीभूत आहे. तथापि सुमारे १७३० मध्ये त्यांनी रंगविलेले 'नृत्यमग्न कामार्गो' हे चित्र या मताचा पुनर्विचार करावयास लावते. या विषयाच्या त्यांच्या एकाहून अधिक आवृत्त्या उपलब्ध असून, त्यांपैकी एक वॉशिंग्टन येथील नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये, तर दुसरी लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहे.

मारी-आन द कामार्गो (१७१०–१७७०) हिने १७२६ मध्ये पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर पदार्पण केले. हवेत उडी घेऊन पावलांची झपाट्याने अदलाबदल करण्याचे, प्रामुख्याने पुरुष नर्तकांचे मानले जाणारे कौशल्य तिने आत्मसात केले होते. हा पदन्यास दिसावा म्हणून तिने झग्याची लांबी कमी केली, असे परंपरेने सांगितले जाते. लांक्रे यांनी नेमके हेच टिपले आहे. फुलांच्या माळांनी सजलेल्या झग्याखाली तिची पावले स्पष्ट दिसतात. येथे व्यक्तीची ओळख चेहऱ्याइतकीच तिच्या कौशल्यातून होते. रूढ व्यक्तिचित्रात पद, वंश वा संपत्ती यांची चिन्हे जे कार्य करतात, ते येथे देहाची गती करते.

परंतु चित्राची मर्यादाही याच ठिकाणी आहे. लांक्रे यांनी रंगमंच वगळून नर्तिकेला उपवनात आणले आहे. वादक झाडीच्या आडोशाला आहेत आणि प्रेक्षक विहारास आलेल्या मंडळींसारखे भासतात. परिणामी, कठोर अभ्यासाने सिद्ध झालेली व्यावसायिक कला अभिजनांच्या सहज विरंगुळ्याचे रूप धारण करते. नर्तिकेस कीर्ती मिळते; तिचे श्रम मात्र अदृश्य होतात.

तिची समकालीन मारी साले हिचेही चित्र लांक्रे यांनी काढले. साले हिने १७३४ मध्ये लंडन येथे 'पिग्मॅलियन'मध्ये फुगीर घेराचा झगा टाळून साधे मलमलीचे वस्त्र परिधान केले. दोघींच्या नृत्यशैली भिन्न असल्या, तरी लांक्रे यांनी दोघींनाही निसर्गाच्याच पार्श्वभूमीवर उभे केले, ही बाब लक्षणीय आहे.

सारांश, लांक्रे यांनी कलावतीला तिच्या कलेद्वारे ओळख देऊन व्यक्तिचित्राचा परीघ विस्तारला. मात्र तिच्या व्यवसायाचे वास्तव त्या परिघाबाहेरच राहिले. प्रस्तुत चित्राचे मूल्यमापन करताना या दोन्ही बाजूंची दखल घेणे अगत्याचे ठरते.